लसणाची बाटली आणि मण्यारीचा संशय: सोलापुरातलं बॉट्युलिझमचं एक प्रकरण

रुग्ण पुरुष, वय ४८, यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग जुळवणारा-दुरुस्त करणारा. रक्तदाबाची रोज एक गोळी, तंबाखू आहे, दारू नाही. घर शहराच्या पूर्व अंगाला, अक्कलकोट रस्त्यापलीकडं वस्ती संपून रानं लागतात तिथं. दोन खोल्या, वर पत्रा. जून महिना, मृगाचा पहिला पाऊस होऊन गेलेला. पहाटे चारच्या सुमारास लघवीला उठला तेव्हा पापण्या वर होईनात, बोलणं नाकातून येऊ लागलं आणि दाराच्या दोन चौकटी दिसायला लागल्या. रात्री तो जमिनीवर चादर टाकून झोपला होता. एवढं ऐकल्यावर सोलापूर जिल्ह्यातला कुणीही, डॉक्टर असो की नसो, एकच म्हणणार: पान लागलं, म्हणजे साप चावला.

(प्रकरण शिकवण्याच्या सोयीनं मांडलंय. कुणी ओळखू येईल असं त्यात काही ठेवलेलं नाही.)

तो संशय वावगा नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण हे प्रकरण वर्गात मांडलं की पोरं लगेच पहिल्या दवाखान्याला नावं ठेवायला लागतात. मण्यार रात्रीची फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि तिचे दात इतके बारीक की खूण पुष्कळदा सापडतच नाही. सूज नाही, फारशी वेदना नाही. काही तासांत पापण्या पडतात, गिळणं जातं, मग श्वास जातो. अशा वेळी खूण शोधत बसण्यापेक्षा प्रतिविष सुरू करणं शहाणपणाचं. पहिल्या दवाखान्यात तेच झालं. २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी केली, ती ठीक आली. मण्यारीत ती ठीकच येते. प्रतिविषाच्या दहा कुप्या दिल्या, ॲट्रोपिन आणि निओस्टिग्मीन टोचलं, फरक दिसेना म्हणून आणखी दहा कुप्या लावल्या आणि नळी घालायची वेळ येईल असं वाटल्यावर पुढं पाठवलं. या क्रमात खोट काढण्यासारखं काही नाही.

सकाळी अकराच्या सुमारास तो आमच्याकडं आला तेव्हा दोन्ही पापण्या पूर्ण पडलेल्या. बोटानं उचलल्या तर बुबुळं जवळजवळ जागच्या जागी. वर नाही, बाजूला नाही. चेहरा सपाट, गाल फुगवता येईना, घशात लाळ साठलेली. मान उशीवरून उचलता येत नव्हती. हात खांद्यापासून उचलताना थरथरत खाली यायचे, मुठीत मात्र बऱ्यापैकी जोर. पाय जवळपास ठीक. म्हणजे कमजोरी दोन्ही बाजूंना सारखी आणि वरून खाली उतरत चाललेली. ताप नाही. स्पर्श, टोचणं सगळं नीट कळत होतं. पोट गच्च, आतड्यांचा आवाज मंद, लघवी तुंबलेली. आणि शुद्ध शंभर टक्के. विचारलं की बोट हलवून बरोबर उत्तर.

बोटाला लावलेलं यंत्र ऑक्सिजन ९७ टक्के दाखवत होतं. या आकड्यावर विश्वास टाकून माणसं मेलेली आहेत. स्नायू दमून श्वास उथळ होत जातो तेव्हा आधी कार्बन डायऑक्साइड साठतो. ऑक्सिजनचा आकडा पडतो तो अगदी शेवटी. त्यापेक्षा साधी परीक्षा: एका दमात एक, दोन, तीन मोजायला लावायचं. धडधाकट माणूस सहज तिशीच्या पुढं जातो. हा आला तेव्हा अकरापर्यंत पोचला, अर्ध्या तासानं आठवर. त्याच तासात नळी घालून व्हेंटिलेटर लावला. निदानाची चर्चा त्यानंतर.

बाहुल्या कुणी बघितल्या?

बाहुल्या मोठ्या होत्या, टॉर्चला सुस्त. बॉट्युलिझममध्ये, म्हणजे एका जंतूच्या विषानं येणाऱ्या लकव्यात, निम्म्याच्या आसपास रुग्णांत असं दिसतं. पण याला तर पहाटेच ॲट्रोपिन दिलेलं. ॲट्रोपिननं बाहुल्या मोठ्या होतात, तोंड वाळतं, आतडी मंदावतात, लघवी अडते. म्हणजे ज्या चार खुणांवर निदान उभं करायचं त्या चारही औषधानं पुसून टाकलेल्या. मग बरोबरच्या कागदांत १०८ रुग्णवाहिकेची नोंद सापडली. घरून उचलताना, म्हणजे पहिली सुई टोचण्याआधी, तिथल्या डॉक्टरनं लिहून ठेवलं होतं: बाहुल्या मोठ्या, प्रकाशाला संथ, जीभ कोरडी. दीड ओळ. त्या मुलाला नंतर फोन करून शाबासकी दिली.

तरी नुसत्या बाहुल्यांवर मण्यार सुटत नाही. तिच्या विषानंही त्या मोठ्या होऊ शकतात. मण्यार सुटली ती बाहेर बाकड्यावर बसलेल्या त्याच्या बायकोशी बोलताना.

"ताई, पहाटेचं राहू द्या. काल दुपारी कसे होते हे?"

"काल? काल पित्त झालं म्हनले. ड्युटीवरनं तीनलाच आले. दोनदा उलटी झाली. तोंड वाळतंय, तोंड वाळतंय एकच चाललंतं. तांब्याच्या तांब्या पानी पिले, तरी जीभ कोरडीच की."

"आणि दिसायला?"

"रात्री मोबाईल लांब धरून बघत होते. मी म्हनलं, चष्मा लागला आता तुमाला."

आजार पहाटे चारला सुरू झालाच नव्हता. तो सुरू झाला आदल्या दुपारी, मागावर उभं असताना, लख्ख उजेडात. पहाटे फक्त तो नजरेला आला. मण्यार त्याच्याही आदल्या रात्रीची मानली, तर दुपारपर्यंत हा माणूस मागावर टिकता ना. आधी उलटी आणि कोरडं तोंड, मग नजर, मग बोलणं आणि गिळणं, मग मान, मग हात. बारा-चौदा तासांत पायरी पायरीनं उतरत आलेला लकवा, ताप नाही, शुद्ध जागेवर. हे चित्र एकदा वाचलेलं असलं तर विसरत नाही.

बाकीच्या शक्यता पटापट बाद होत गेल्या. आपल्या भागात फवारणीचं औषध पोटात जाणं नेहमीचं, पण त्यात बाहुल्या टाचणीएवढ्या होतात आणि तोंडातून लाळ वाहते. इथं सगळं उलट. धोतऱ्यानं तोंड वाळतं, बाहुल्या फाकतात, पण माणूस बरळतो, हवेत हात मारतो. हा तर बोटानं होकार-नकार देत होता. मायस्थेनियात, म्हणजे स्नायू लवकर दमण्याच्या आजारात, बाहुल्यांना धक्का लागत नाही. गियाँ-बारे हा नसांचा लकवा सहसा पायांकडून वर चढतो आणि मुंग्यांनी सुरू होतो. त्याचा डोळ्यांपासून सुरू होणारा एक प्रकार आहे, त्यासाठी पाठीतलं पाणी तपासलं, ते स्वच्छ निघालं. मेंदूच्या खोडातला पक्षाघाताचा झटका असता तर एक बाजू जास्त गेली असती, एमआरआय ठीक.

आदल्या दिवसाच्याही आदल्या रात्री काय जेवले, हे विचारलं. भाकरी, वांग्याची भाजी, दही, कांदा, "आनि बाटलीतला लसूण". तुम्ही काय खाल्लंत? "माझा वटपौर्णिमेचा उपास हुता." मुलगा पुण्याला. म्हणजे त्या ताटावर जेवणारा हा एकटाच. एकट्या माणसावरून अन्नाचं निदान ठाम करता येत नाही. लसूण टिपून ठेवला.

नाकातून आलेला चहा

संध्याकाळी उलगडा झाला तो आयसीयूच्या बाहेर. रुग्णाची धाकटी भावजय जुळे सोलापुरातून आली होती, दुपारपासून जावेजवळ बसलेली. कुणीतरी चहा आणला. तिनं घोट घेतला आणि तो नाकातून बाहेर आला. ठसका म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं असतं. ड्युटीवरच्या सिस्टरनं सोडलं नाही. तिनं त्या बाईला दारातच थांबवून बोटाकडं बघायला सांगितलं. किती बोटं? दोन. सिस्टरनं एकच बोट धरलं होतं.

चौकशीत कळलं की सकाळपासून तिला सगळं जोडीनं दिसतंय, पण "घरात एवढं झालंय, माझं काय सांगत बसू" म्हणून गप्प. साप दोन वेगळ्या घरांत, दोन वेगळ्या वस्त्यांत, दीर आणि भावजय अशा दोघांना एकाच आठवड्यात चावत नाही. दोघांत सामाईक काय? धाकटीनं वटपौर्णिमेला मोठ्या जावेकडून वडाची पूजा करून परतताना एक छोटी बाटली नेली होती आणि दुसऱ्या दिवशी दुपारी भाकरीबरोबर चार पाकळ्या खाल्ल्या होत्या. लसूण, तेलात बुडवलेला.

हे काही नवीन नाही, म्हणूनच लागलीच ओळखू आलं. कॅनडात व्हँकुव्हरच्या एका हॉटेलात १९८५ साली तेलात ठेवलेल्या चिरलेल्या लसणातून ३६ जणांना बॉट्युलिझम झाला. तिथंही सुटे सुटे रुग्ण वेगवेगळ्या डॉक्टरांकडं वेगवेगळी नावं घेऊन फिरत होते. धागा सापडला तो एकाच घरातल्या आई आणि दोन मुली एकदम आजारी पडल्यावर. बॉट्युलिझमचा पहिला रुग्ण बहुतेक वेळा दुसऱ्याच नावानं दाखल होतो. दुसरा रुग्ण त्याचं नाव दुरुस्त करतो.

स्वयंपाकघरात काय झालं

बाटली आणायला रुग्णाच्या बायकोबरोबर आमचा एक निवासी डॉक्टर घरी गेला. मोठी बरणी तिनं त्याच सकाळी घासून उपडी घातली होती. पाहुणे येणार म्हणून भांडी आवरली, त्यात तीही. धाकटीच्या बाटलीत मात्र तेलाखाली सात-आठ पाकळ्या आणि तळाला पांढुरका गाळ शिल्लक होता. वासाला लसणाचाच वास. झाकण फुगलेलं नाही, बुडबुडे नाहीत. या विषाला स्वतःचा वास नाही, चव नाही. काही जंतू अन्न सडवतात तेव्हा दुर्गंध येतो, पण लसणाच्या उग्र वासाखाली तो कुणाला कळणार?

कृती तिनं मोबाईलवर बघितलेली. अर्धा किलो लसूण सोलून, उग्रपणा जावा म्हणून पाण्यात दहा मिनिटं उकळला, निथळून काचेच्या बरणीत भरला, गळ्यापर्यंत गरम तेल ओतलं आणि घट्ट झाकण लावलं. मूळ कृतीत मीठ आणि लिंबाचा रस होता. मीठ तिनं गाळलं कारण नवऱ्याला बीपी. लिंबू गाळलं कारण "आंबटानं ह्यांना जळजळतंय". बरणी मांडणीवर राहिली, पत्र्याच्या खोलीत, मे महिन्याचे शेवटचे तीन आठवडे. सोलापूरचा मे म्हणजे काय ते सोलापूरकराला सांगायला नको. रात्रीही त्या पत्र्याखाली अंगाला चादर सहन होत नाही.

आता या बरणीकडं क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जंतूच्या नजरेनं बघू. तो मातीतला. लसूण मातीतून येतो, त्याच्या सालींना याचे बीजाणू चिकटलेले असतात. बीजाणू म्हणजे जंतूची कवचबंद झोपी गेलेली अवस्था. साधं उकळणं त्यांना मारत नाही. त्यासाठी दाबाखाली १२१ अंशांवर तीन मिनिटं लागतात. कारखान्यातले डबे त्या हिशोबानं शिजवतात. घरच्या पातेल्यात पाणी १०० अंशांच्या वर जात नाही. उकळण्यानं झालं इतकंच, की बीजाणूंशी अन्नासाठी भांडणारे बाकीचे जंतू मेले आणि रान मोकळं झालं. वरून ओतलेल्या तेलानं हवा तोडली. या जंतूला हवा चालतच नाही, हवेअभावीच तो जागा होतो. आंबटपणा नाही, मीठ नाही, पाकळीच्या आत ओलावा भरपूर, उष्णता ३५ ते ४० अंशांच्या आसपास, म्हणजे त्याच्या आवडीची. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत त्या पाकळ्यांचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) पट्टीनं बघितला: साडेपाच ते सहा. ४.६ च्या खाली हा जंतू वाढू शकत नाही. त्या एका आकड्यावर जगभरच्या डबाबंद अन्नाचे नियम उभे आहेत.

इथं आपल्याकडची एक ठाम समजूत मोडावी लागते. तेल वर तरंगलं की लोणचं टिकतं, असं प्रत्येक घरात म्हणतात. कैरीचं लोणचं टिकतं ते कैरीच्या आंबटपणानं आणि मुठीनं घातलेल्या मिठानं. तेल फक्त बुरशीला वर येऊ देत नाही. आंबट-खारट काढून टाकून नुसतं तेल ठेवलं, तर जे उरतं ते संरक्षण नव्हे, ती हवाबंद खोली. आजीच्या लोणच्यात हा जंतू हरत होता, कारण आजी मीठ कमी करायला तयार नव्हती. आपली शेंगा चटणीही लसणाचीच, पण ती कोरडी. ओलावाच नाही तर बीजाणू जागा होणार कसा? ठेचा दोन दिवसांत संपतो. कडक भाकरी महिनाभर टिकते ती वाळवल्यामुळं. सोलापूरच्या टिकाऊ पदार्थांची यादी काढून बघा, प्रत्येकात कोरडेपणा, मीठ किंवा आंबट यातलं काहीतरी सापडेल. या बरणीत तिन्ही नव्हतं. आणि दोन्ही गोष्टी गाळल्या त्या नवऱ्याच्याच तब्येतीच्या काळजीनं, हे त्या माउलीला कुणी चारदा ऐकवू नये असं मी वॉर्डात सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

तिनं एकूण चार छोट्या बाटल्या वाटल्या होत्या. त्याच रात्री चौघींना फोन गेले. धाकट्या जावेचं झालंच. माहेरी दिलेली न उघडता परत मिळाली. शेजारणीनं आपली बाटली पूर्ण वापरली होती, पण आमटीत. फोडणीत परतून वर दहा-पंधरा मिनिटं रटरट उकळी. त्या घरात पाच जण जेवले, कुणालाही काही नाही. इथं लक्षात घ्यायची गोष्ट: बीजाणू उकळीला भीक घालत नाहीत, पण त्यांनी तयार केलेलं विष घालतं. ८५ अंशांवर पाच मिनिटांत ते निकामी होतं. भिशीतल्या मैत्रिणीनं पहिल्याच दिवशी त्यात मीठ-लिंबू मिसळून बाटली फ्रिजमध्ये टाकली होती. तिथंही कुणी आजारी नाही. यावरून या दोन बाटल्यांत विष होतंच आणि ते टळलं, असं सिद्ध होत नाही. पण चार बाटल्यांची ही गोष्ट मी कुठल्याही तक्त्यापेक्षा जास्त वेळा सांगतो.

भारतात हा आजार होतच नाही, असं काही जण अजून म्हणतात. १९९६ मध्ये गुजरातेतल्या एका निवासी शाळेत ३४ विद्यार्थी आजारी पडले, तिघे दगावले. संशय होता बेसनाच्या शेवेवर. तिथं विष बनवणारा जंतूही नेहमीचा नव्हता. त्याचाच भाऊबंद, क्लॉस्ट्रिडियम ब्युटिरिकम, ई प्रकारचं विष तयार करणारा.

विष नेमकं काय करतं

मेंदूचा हुकूम नसेतून स्नायूपर्यंत पोचतो तो ॲसिटिलकोलिन नावाच्या रसायनाच्या थेंबांनी. नसेच्या टोकाला हे थेंब पिशव्यांत भरून ठेवलेले असतात आणि पिशवी भिंतीला चिकटून फुटावी यासाठी काही प्रथिनं लागतात. बॉट्युलिनमचं विष नसेच्या टोकात शिरून तीच प्रथिनं कापतं. रुग्ण स्वतः जॉबर. बरा झाल्यावर त्याला मी असं सांगितलं की वीज आहे, मोटर फिरतेय, मागही शाबूत आहे, मधला पट्टा तुटलाय. त्याला एका वाक्यात समजलं. लाळ, आतडी, बाहुल्या यांनाही हेच रसायन लागतं, म्हणून तोंड वाळतं आणि पोट अडतं. स्पर्शाच्या नसांचा यात संबंध नाही आणि विष मेंदूत शिरून शुद्ध घालवत नाही. सुरकुत्या घालवायला आणि डोळ्यांचा तिरळेपणा उतरवायला जे बोटॉक्स टोचतात, ते हेच विष, अत्यंत सूक्ष्म मात्रेत.

तुटलेलं जोडलं जात नाही. नस नवे फाटे फोडते, नवी टोकं तयार होतात, आणि त्याला आठवडे, महिने लागतात. उपचाराचं सगळं गणित या एका गोष्टीवर बेतलेलं आहे.

तपासण्या, आणि प्रतिविषाचा शोध

नसांच्या तपासणीत स्पर्शाच्या नसा ठीक, हालचालीच्या नसांचा वेग ठीक, पण स्नायूचं उत्तर फार लहान. झपाट्यानं लागोपाठ विजेचे झटके दिल्यावर ते उत्तर वाढत गेलं. मायस्थेनियात सावकाश झटक्यांना ते घटत जातं. ही तपासणी संशयाला बळ देते, पण नसेल करता येत तर अडून बसू नये.

खरी खात्री विष सापडण्यात. रुग्णाच्या रक्तात, विष्ठेत, उलटीत किंवा अन्नात. परंपरेनं ती उंदरांवर केली जाते आणि तिला चारेक दिवस लागतात. नमुने घेण्याच्या दोन गोष्टी बऱ्याच जणांना ठाऊक नसतात. एक, रक्त प्रतिविषाच्या आधी काढायचं. दोन, बद्धकोष्ठामुळं विष्ठा मिळत नाही तेव्हा एनिमा द्यायचा तो सलाईनचा नाही, निर्जंतुक साध्या पाण्याचा. मिठानं चाचणी बिघडते. नमुने थंड ठेवून पाठवले. मोठ्या दिराच्या, म्हणजे पहिल्या रुग्णाच्या, रक्तात विष सापडलं नाही. उशिरा घेतलेल्या नमुन्यात पुष्कळदा सापडत नाही. बाटलीतला नमुना तुटपुंजा, त्याचा निर्णय लागला नाही. त्यामुळं कागदावर शेवटपर्यंत "संभाव्य" असंच लिहिलं. काही सहकाऱ्यांना तो शब्द कमीपणाचा वाटला. मला तोच प्रामाणिक वाटतो.

बॉट्युलिझमचं प्रतिविष असतं. घोड्याच्या रक्तापासून केलेलं, ए ते जी या सातही प्रकारांवर चालणारं एक अमेरिकेत २०१३ साली मंजूर झालं. सापाचं प्रतिविष आपल्याकडं तालुक्याला मिळतं, हे जिल्ह्याच्या औषधभांडारात मिळत नाही. महापालिकेच्या आरोग्य विभागाला त्याच रात्री कळवलं, वरपर्यंत फोनाफोनी झाली. औषध येण्याच्या आधीच दोघांचाही लकवा पुढं सरकायचा थांबला, मग ते मागवण्यात अर्थ राहिला नाही. कारण हे औषध रक्तात फिरणारं विष पकडतं. नसेत शिरलेल्याला त्याचा हात पोचत नाही. म्हणून ते पहिल्या दिवशी सोन्याचं, आठव्या दिवशी पाण्याचं. खरा उपयोग झाला असता तो धाकटीला, जिचा आजार त्या रात्री अजून पुढं सरकत होता. संशय आला की अहवालाची वाट न बघता ते मागवायचं असतं, ते यासाठी.

धाकटीला आम्ही आयसीयूतच ठेवलं. दर दोन तासांनी एका दमातली मोजणी: बावीस, एकोणीस, सतरा, सतरा, अठरा. नळी लागली नाही. नाकातून पोटात नळी घालून दूध-पेज दिली.

मोठ्या दिराची गोष्ट लांबली. दुसऱ्या दिवसापासून त्याचं एक बोटही हलेना. बाहुल्या फाकलेल्या, टॉर्चला ढिम्म. बाहेरून बघणाऱ्याला तो मेंदू मेलेल्या माणसासारखा दिसत होता, आणि नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली की आता ओढण्यात काय अर्थ. या आजारात घडणारी सर्वांत वाईट चूक हीच. तो सगळं ऐकत होता. त्याच्या खाटेला पाटी लावली: "रुग्ण पूर्ण शुद्धीत आहे. त्याच्याशी बोलून मगच हात लावा." बायकोला रोज दोनदा आत सोडलं. ती सुताचे भाव, पाऊस, मुलाची परीक्षा, काय वाटेल ते बोलायची. पापण्या पडल्या तरी पुरत्या मिटत नाहीत अशा वेळी डोळे वाळून बुबुळाला जखम होते, म्हणून थेंब आणि चिकटपट्टी. पायांत रक्ताची गाठ होऊ नये म्हणून इंजेक्शन, कूस बदलणं, पोट साफ ठेवणं. नळी लांबणार हे दिसल्यावर गळ्याला छिद्र पाडलं.

आठव्या दिवशी ताप आला, छातीत कफ. कुणीतरी सवयीनं अमिकासिन लिहिलं. ते तिथंच कापलं. अमिकासिन, जेंटामायसिन ही औषधं नस आणि स्नायू यांच्या त्याच सांध्यावर आणखी ओझं टाकतात. मॅग्नेशियमही तसंच, मग ते शिरेतून असो की जुलाबाच्या औषधातून. दुसरं अँटिबायोटिक देऊन न्यूमोनिया हटला. अन्नातून झालेल्या बॉट्युलिझमवर अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. जखमेतून झालेल्यावर असतो, तिथं जखम कापून स्वच्छही करावी लागते. तान्ह्या बाळांचा प्रकार आणखी वेगळा. बीजाणू बाळाच्या आतड्यातच रुजतात, आणि त्याचा एक माहीत असलेला रस्ता म्हणजे मध. बारशाच्या आधीपासून मधाचं बोट चाटवणाऱ्या घरांना हे सांगितलं की आजीबाई रागावतात. रागावू देत, वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही.

तिसऱ्या आठवड्यात त्याच्या उजव्या पायाचा अंगठा हलला, मग मूठ. पापण्या सर्वांत शेवटी. पाचव्या आठवड्यात व्हेंटिलेटर दिवसा सुटला, नंतर रात्रीही. गळ्याचं छिद्र बुजल्यावर पहिलं बोलला ते बायकोशी, आणि ते आमच्या कुणाच्या कानावर पडलं नाही. पुढं फिजिओथेरपी.

व्हेंटिलेटरची सोय नसती तर असे निम्म्याहून जास्त रुग्ण जायचे. आता चांगल्या देखरेखीत शंभरातले पाच ते दहा. जातात ते बहुतेक आजारानं नव्हे, उशिरा लागलेल्या नळीनं किंवा नळीतून आलेल्या संसर्गानं.

धाकटी दहाव्या दिवशी घरी गेली; दोन-दोन दिसणं महिन्याभरानं थांबलं. थोरला पाच महिन्यांनी कामावर परतला, पण मागावर नाही, मालकानं त्याला कापड तपासायला बसवलं. पाळी संपत आली की डावी पापणी अजून जड होते, जिना चढताना दम लागतो. असा थकवा वर्षभर राहू शकतो, हे त्याला सांगून ठेवलंय. रक्तदाबाची गोळी चालू आहे. मीठ किती खायचं हे त्यानं मागच्या भेटीत पुन्हा विचारलं. ताटातलं कमी करा, बरणीतलं नको, असं लिहून दिलं.